लघुव्यवसायातील कर्मचारी-प्रशिक्षण व व्यवस्थापन : वाशिम जिल्हा

मालकासह दोनपासून वीस-पंचवीस माणसांवर चालणारे दुकान, दुरुस्ती-केंद्र किंवा प्रक्रिया उद्योग यांत माणूस कामावर ठेवणे, त्याला काम शिकवणे, त्याच्याकडून ते नीट करून घेणे आणि अनुभव वाढेल तशी त्याची जबाबदारी व मिळकत वाढवणे, असा हा चौपदरी व्यवहार आहे. मोठ्या कंपनीत त्यासाठी स्वतंत्र मनुष्यबळ विभाग असतो. छोट्या धंद्यात मालक गल्ल्यावर बसूनच तो सांभाळतो. त्यामुळे या धंद्यांत माणूस घडणे किंवा न घडणे बहुतांशी मालकाच्या सवयींवर ठरते.

पार्श्वभूमी : अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि सुमारे ८२ टक्के लोक खेड्यांत राहत होते. सोयाबीन, तूर, हरभरा व कापूस ही येथील प्रमुख पिके असल्याने बहुतेक धंदे शेतीला लागून आहेत : कृषी सेवा केंद्रे, आडत दुकाने, डाळ मिल, जिनिंग, ट्रॅक्टर व मोटारपंप दुरुस्ती. जूनमधील पेरणी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येणारे सोयाबीन, असे गर्दीचे दोन हंगाम या धंद्यांना असतात. मधले महिने तुलनेने मंद जातात. माणसे शिकवायची वेळ म्हणजे हेच मंद महिने. पेरणीच्या तोंडावर ठेवलेला नवा माणूस गर्दीतच शिकतो आणि त्याच्या चुका गिऱ्हाइकाच्या पदरी पडतात.

पारंपरिक रीत : गॅरेजमधील मिस्त्री, शिंपी, सुतार, आडतीवरील दिवाणजी यांनी आपापली विद्या कोणाच्या तरी हाताखाली राहून मिळवली. पोरगा आधी झाडलोट करतो, चहा आणतो, पाने-पक्कड हातात देतो आणि पाहता पाहता काम उचलतो. या रीतीत हात तयार होतो आणि शिकण्याला पैसा लागत नाही. मात्र काय शिकायचे व किती दिवसांत, हे ठरलेले नसते. उस्तादाच्या मनात आले तर विद्या मिळते, नाहीतर वर्षानुवर्षे पाने-पक्कड देण्यातच जातात. शिवाय सगळे ज्ञान एकाच डोक्यात राहते. तो माणूस पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नोकरीला गेला की दुकान अडते.

खेड्यातल्या, यंत्र न पाहिलेल्या माणसांतून कुशल कामगार घडवता येतात, याचा महाराष्ट्रातील ठळक दाखला लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी घालून दिला. औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि आसपासच्या गावांतील माणसांना ओतकाम व यंत्रकाम शिकवून नांगर, चरक व पंप बनवले.

शिकवण्याची पद्धत : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी चार पायऱ्यांची रीत रूढ झाली : शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखवणे व त्यामागचे कारण सांगणे, त्याच्याकडून करवून घेणे, आणि नंतर लक्ष ठेवणे. चार माणसांच्या दुकानालाही ती लागू पडते. बियाण्याच्या गोदामातील हमालाचे उदाहरण घेता येईल. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो. पोते ट्रकवरून धाडकन टाकले किंवा थप्पी फार उंच लावली, तर दाणा वरून धड दिसतो, पण आतला अंकुर दुखावतो. बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के असावी, असे प्रमाणक आहे. हाताळणीतल्या निष्काळजीपणामुळे ती त्याखाली जाऊ शकते. ‘पोते हळू ठेव’ एवढेच सांगितले तर हमाल दोन दिवस ऐकतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून, काही दिवसांनी त्यातले किती उगवले हे त्याला दाखवले, तर कारण त्याच्या ध्यानात राहते आणि पुढच्या हमालाला तो स्वतःच शिकवतो.

धान्य खरेदीच्या काट्यावरही असेच आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. आर्द्रतामापक कसा वापरायचा, नमुना पोत्याच्या वरून, मधून व तळातून कसा काढायचा आणि आलेला आकडा शेतकऱ्याला कसा दाखवायचा, हे काट्यावरच्या माणसाला येत असेल तर वाद टळतो. ते येत नसेल, तर आडत्यावरचा विश्वास उडतो.

कृषी सेवा केंद्रे : प्रशिक्षणाची गरज सर्वांत तीव्र आहे ती येथे. शेतकरी रोगट पान घेऊन येतो आणि काउंटरवर उभा असलेला विक्रेता सांगेल ते औषध घेऊन जातो. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर विक्रेत्याने काय विकले आणि काय सांगितले, हा प्रश्न सार्वजनिक झाला. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवतो : लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. हा क्रम, मात्रा, औषधे एकमेकांत मिसळण्याचे धोके आणि हातमोजे-मुखपट्टीचा आग्रह हे काउंटरवरच्या प्रत्येकाला आले पाहिजे. परवान्यासाठी पात्रता मालकाची किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीची पाहिली जाते, पण माल प्रत्यक्ष हातात देणारा बहुधा दुसराच नोकर असतो.

हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो बाजाराच्या सुटीला वर्ग आणि अधूनमधून शिवारफेरी अशी त्याची रचना असल्याने दुकान बंद ठेवावे लागत नाही. खतविक्रेत्यांसाठी १५ दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. रिसोड तालुक्यातील करडा येथे सुविदे फाउंडेशनचे कृषी विज्ञान केंद्र असल्याने शेतीविषयक मार्गदर्शन जिल्ह्यातच मिळू शकते.

व्यवस्थापन : छोट्या धंद्यात मालक आणि नोकर अनेकदा एकाच गावचे, एकमेकांच्या लग्नकार्याला जाणारे असतात. या जवळिकीने निष्ठा मिळते, पण तिच्यामुळे हिशेब तोंडी राहतो. खाडे किती, उचल किती, पगार कधी वाढणार, हे कागदावर नसले की दिवाळीच्या तोंडावर कुरबुर होते. हजेरीवही, उचलीची स्वतंत्र नोंद आणि ठरलेल्या तारखेला पगार, एवढ्या तीन गोष्टींनी बहुतेक तंटे मिटतात. उचल ही अडीनडीची मदत आहे. ती फिटेपर्यंत माणसाला कामाशी बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. चूक झाल्यास गिऱ्हाइकांसमोर न खडसावता बाजूला घेऊन सांगणे, हाही व्यवस्थापनाचाच भाग होय.

विकासाचा अर्थ फक्त पगारवाढ नव्हे. झाडलोट करणाऱ्याला माल लावणे, माल लावणाऱ्याला बिल करणे आणि बिल करणाऱ्याला खरेदी अशी चढती वाट दिसली, तर माणूस टिकतो. दोन माणसांनी एकमेकांचे काम शिकून घेतले, तर एकाच्या आजारपणात किंवा घरच्या पेरणीत धंदा थांबत नाही.

कायदेशीर चौकट : किमान वेतन एक नोकर असला तरी द्यावे लागते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ने साप्ताहिक सुटी, जादा कामाला दुप्पट दर आणि वर्षाला आठ किरकोळ रजा अशा तरतुदी केल्या. मूळ अधिनियमात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणी सक्तीची होती. भविष्य निर्वाह निधी सामान्यतः २० कर्मचाऱ्यांपासून लागू होतो. लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार (२०१३) दहापेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या ठिकाणची महिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. चौदा वर्षांखालील मुलाला ‘शिकाऊ’ म्हणून दुकानात किंवा गॅरेजमध्ये राबवणे बेकायदा आहे.

संस्था व योजना : शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि जिल्हा उद्योग केंद्र ही मदतीची नेहमीची ठिकाणे. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ४ ते २९ मनुष्यबळाच्या आस्थापनेला स्वेच्छेने शिकाऊ उमेदवार घेता येतो. ३० पासून ते बंधनकारक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल मासिक १,५०० रुपये वाटा केंद्र उचलते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना सुतार, लोहार, शिंपी यांसह १८ व्यवसायांतील कारागिरांसाठी आहे. तीत प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते.

अडचणी व मूल्यमापन : ‘शिकवला की तो सोडून जातो आणि शेजारीच दुकान टाकतो’ ही मालकांची भीती खोटी नाही, असे काही वेळा घडतेच. पण न शिकवलेला माणूस टिकून राहिला, तर त्याची किंमत रोज मोजावी लागते : चुकीचे औषध, फुटलेले पोते, तुटलेले गिऱ्हाईक. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या आणि आता समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबईशी जोडल्या गेलेल्या वाशिममध्ये तरुणांना बाहेरची वाट आधीपेक्षा सोपी झाली आहे. त्यांना गावात धरून ठेवायचे तर योग्य मजुरी, ठरलेली सुटी आणि शिकायला मिळणारे काम, ही तिन्ही एकत्र द्यावी लागतील. मालकाच्या गैरहजेरीत धंदा किती नीट चालतो, हीच त्याने माणसे किती घडवली याची खरी कसोटी आहे.