पहिले पान उघडण्याआधी : जँगोच्या मांडणीची कुळकथा

जँगो हे पायथन भाषेतले वेब फ्रेमवर्क शिकायला घेतलेल्या नवख्याला पहिले पान दिसण्याआधी बरेच सोपस्कार करावे लागतात. आधी पायथन बसवायचे, मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करून ते चालू करायचे, पिप वापरून जँगो उतरवून घ्यायचे, ‘स्टार्टप्रोजेक्ट’ ही आज्ञा द्यायची, ‘मायग्रेट’ चालवायचे आणि शेवटी ‘रनसर्व्हर’. एवढे सगळे बिनचूक झाले की ब्राउझरमध्ये ८००० क्रमांकाच्या पोर्टवर एक रॉकेट उडताना दिसते. तोवर शिकणाऱ्याने स्वतःच्या मनातली एकही ओळ लिहिलेली नसते. त्यामुळे हा सगळा भाग म्हणजे खऱ्या शिक्षणाच्या दारातला अडसर आहे, असे त्याला वाटते आणि शिकवणारेही पुष्कळदा तसेच मानून तो घाईघाईने उरकतात. हा समज चुकीचा आहे, असे मला ठामपणे वाटते. जँगोच्या मांडणीचा वीस वर्षांचा इतिहास पाहिला तर दिसते, की ज्या पायऱ्या निव्वळ त्रासाच्या होत्या त्या एकेक करून काढून टाकल्या गेल्या. ज्या उरल्या, आणि ज्या मागाहून मुद्दाम घातल्या गेल्या, त्यांच्यात या विषयाचे मर्मच साठलेले आहे.

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या विद्यापीठाच्या गावी, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या स्थानिक वृत्तपत्राच्या वेब विभागात झाला. २००३च्या सुमारास एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे तिथे काम करत होते आणि पीएचपी सोडून पायथनकडे वळत होते. विलिसन इंग्लंडहून, शिक्षणातले एक वर्ष प्रत्यक्ष कामासाठी काढून आलेले होते. पुढे जेकब कॅप्लन-मॉस त्या गटात आले. वृत्तपत्रातले काम बातमीच्या घड्याळावर चालते. निवडणूक असो वा स्थानिक खेळांचे सामने, एखादा नवा विभाग काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उभा करायची वेळ येते. दर वेळी तोच पाया नव्याने घालणे परवडत नाही. म्हणून प्रत्येक संकेतस्थळाला लागणारे सामाईक भाग या मंडळींनी वेगळे काढले. पत्ता आणि पान यांची सांगड, डेटाबेसशी बोलणे, पानांचे साचे आणि वार्ताहरांना मजकूर भरता यावा म्हणून आपोआप तयार होणारा अ‍ॅडमिन विभाग, असे ते भाग होते. जुलै २००५मध्ये हे सगळे बीएसडी परवान्याखाली जगाला खुले झाले. रोजच्या कामाच्या रेट्यातून घडल्यामुळे जँगोच्या मांडणीतल्या बहुतेक गोष्टींमागे कुणाची तरी प्रत्यक्ष गरज सापडते.

त्या जन्माची खूण आजही कोडमध्ये शिल्लक आहे. जँगोच्या मूळ सेटिंगांमध्ये कालक्षेत्राचे ठरीव मूल्य ‘अमेरिका/शिकागो’ असे आहे, कारण लॉरेन्सचे घड्याळ त्याच क्षेत्रात चालते. ‘स्टार्टप्रोजेक्ट’ने बनणाऱ्या फाइलमध्ये मात्र आता ‘यूटीसी’ लिहून येते. पुण्यात किंवा पणजीत बसलेला विद्यार्थी ते बदलून ‘एशिया/कोलकाता’ करतो. त्याच फाइलमध्ये भाषेचे सेटिंग असते, आणि जँगोला माहीत असलेल्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. एका गावच्या वृत्तपत्रासाठी बनलेले साधन सगळ्यांच्या उपयोगाचे करायचे, तर ‘आपले’ गृहीत बाजूला काढून त्या जागी ‘तुमचे काय ते लिहा’ म्हणावे लागते. सेटिंग्जची फाइल म्हणजे अशा गृहीतांची यादी. ती वाचणे म्हणजे आपला कार्यक्रम कुठे, कोणासाठी आणि कोणत्या भरवशावर चालणार आहे हे ठरवणे.

एका आज्ञेत प्रकल्पाचा सांगाडा उभा करण्याची रीत एकट्या जँगोची नव्हे. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प या उत्पादनातून वेगळे काढलेले रुबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क जुलै २००४मध्ये प्रसिद्ध झाले. पंधरा मिनिटांत ब्लॉग उभा करून दाखवणारी त्यांची चित्रफीत २००५मध्ये जगभर फिरली आणि नवख्याचा पहिला तास कसा असावा, याविषयीची अपेक्षाच तिने बदलून टाकली. फोल्डर कुठे असावेत, फाइलींची नावे काय असावीत, हे निर्णय नवख्यावर सोडू नयेत, जाणत्यांनी आधीच घेऊन ठेवावेत, हा त्यामागचा विचार होता. पण घेतलेला निर्णय चुकू शकतो आणि तो दुरुस्त करावा लागतो. जँगोमध्ये नेमके तेच झाले. एकाच नावाचे दोन फोल्डर एकात एक का, हा प्रश्न आज जवळपास प्रत्येक नवख्याला पडतो. पूर्वी ‘मॅनेज डॉट पीवाय’ ही फाइल आतल्याच फोल्डरात असे आणि ती पायथनच्या शोधमार्गात ढवळाढवळ करी. परिणामी एकच मॉड्यूल दोन वेगळ्या नावांनी आयात होऊ शके. स्वतःच्या संगणकावर नीट चाललेला कार्यक्रम खऱ्या सर्व्हरवर, जिथे ती फाइल मध्ये नसे, तिथे कोसळे. मार्च २०१२च्या १.४ या आवृत्तीत ती फाइल बाहेर काढली गेली आणि दुहेरी फोल्डर आले. विचित्र दिसणारी ही रचना म्हणजे एका खऱ्या दोषाची दुरुस्ती आहे. ती समजून घेणाऱ्याला पायथन मॉड्यूल कसे शोधतो, हे ओघानेच कळते.

आता काय काढून टाकले गेले ते पाहू. सुरुवातीच्या वर्षांत सांगाडा तयार झाला तरी डेटाबेसची जागा रिकामी असे. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल वगैरेंपैकी कोणता घ्यायचा हे ठरवून, तो वेगळा बसवून, त्याचे नाव आणि पासवर्ड स्वतः लिहावा लागे. पायथनच्या २.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६पासून, एसक्यूलाइट भाषेसोबतच मिळू लागले होते. २०१३ मधल्या जँगो १.६ने त्याचा फायदा घेतला. नव्या प्रकल्पात एसक्यूलाइट आपोआप नेमले गेले आणि अ‍ॅडमिन विभागही पहिल्यापासून चालू राहू लागला. त्याआधी तो चालू करण्यासाठी काही ओळींपुढची टिप्पणीची खूण काढावी लागे. पत्त्यांचेही तसेच. वेबपत्ता आणि पान यांची जोडणी करण्यासाठी पूर्वी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहावी लागत, आणि पहिल्याच दिवशी नवख्यासमोर कंस, टोपी आणि डॉलरची चिन्हे उभी राहत. डिसेंबर २०१७च्या २.० आवृत्तीने साधी, वाचता येणारी लिखावट आणली. पडताळून पाहावी अशी गोष्ट म्हणजे या बदलांत काहीच मोलाचे हरवले नाही. पोस्टग्रेस बसवण्याची खटपट पहिल्या दिवशी न केल्याने डेटाबेस म्हणजे काय हे कळायचे राहत नाही.

उलट काही पायऱ्या वीस वर्षांत घट्ट झाल्या. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट हे त्यातले ठळक उदाहरण. पायथनची जोडग्रंथालये एरवी संगणकावरच्या एकाच सामाईक जागी बसतात. जुना प्रकल्प जँगोच्या एका आवृत्तीवर आणि नवा दुसरीवर चालत असेल, तर एकाची सोय करताना दुसरा मोडतो. लिनक्सवर तर खुद्द कार्यप्रणालीची काही साधने त्याच पायथनवर चालतात, त्यामुळे भलतेच ग्रंथालय बसवले की यंत्राचेच काम बिघडू शकते. इयान बिकिंग यांनी २००७मध्ये ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ लिहिले आणि पुढच्या वर्षी ‘पिप’. २०१२ मधल्या पायथन ३.३मध्ये ही सोय ‘व्हेन्व्ह’ या नावाने भाषेतच आली. गोष्ट तिथे थांबली नाही. २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२वर सामाईक जागी पिपने काही बसवू गेल्यास नकार मिळतो आणि स्वतंत्र वातावरण तयार करण्याची सूचना येते. आधी जाणत्यांची युक्ती, मग शिफारस आणि शेवटी जवळपास सक्ती, असा हा प्रवास आहे. पायरी नुसती त्रासाची असती तर ती याच्या उलट दिशेने गेली असती. कोणता कार्यक्रम नेमक्या कोणत्या आवृत्तीवर अवलंबून आहे, हे लिहून ठेवल्याशिवाय तो दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करता येत नाही. व्यवसायात रोज लागणारी ही समज नवख्याला त्या पहिल्या आज्ञेतच मिळू शकते.

मायग्रेशनची कथाही अशीच आहे. पूर्वी ‘सिंकडीबी’ नावाची आज्ञा होती. ती नवे तक्ते बनवी, पण असलेल्या तक्त्यात बदल करीत नसे. मॉडेलमध्ये एक रकाना वाढवला की डेटाबेसमध्ये तो हाताने घालावा लागे, आणि सहकाऱ्यांच्या व सर्व्हरच्या डेटाबेसमध्येही तेच पुन्हा करावे लागे. अँड्र्यू गॉडविन यांनी २००८मध्ये ‘साउथ’ हे पूरक साधन काढले, २०१३मध्ये लोकवर्गणीतून त्याच्या पुढच्या रूपासाठी निधी उभा केला आणि सप्टेंबर २०१४च्या १.७ आवृत्तीत मायग्रेशन जँगोचा भाग झाले. आज कोऱ्या प्रकल्पात ‘रनसर्व्हर’ चालवले की अठरा मायग्रेशन बाकी असल्याची सूचना दिसते आणि नवखा दचकतो. त्या सूचनेतला धडा मोठा आहे. कोड बदलला म्हणून साठवलेली माहिती आपोआप बदलत नाही. माहितीच्या रचनेला स्वतःचा इतिहास असतो आणि तो क्रमाने नोंदवावा लागतो.

सुरक्षिततेच्या पायऱ्या तर उघडच अनुभवातून आलेल्या आहेत. फेब्रुवारी २०१३च्या १.५ आवृत्तीत ‘अलाउड होस्ट्स’ हे सेटिंग आले, कारण विनंतीतले सर्व्हरचे नाव खोटे लिहून, पासवर्ड बदलण्याच्या ईमेलमधला दुवा हल्लेखोराच्या पत्त्याकडे वळवणे शक्य होते. प्रत्येक प्रकल्पासाठी तयार होणाऱ्या गुप्त किल्लीच्या सुरुवातीलाच २०२१ मधल्या ३.२ आवृत्तीपासून ‘जँगो-इनसिक्युअर’ असे शब्द येतात, म्हणजे तीच किल्ली खऱ्या सर्व्हरवर गेली तर तपासणीत पकडता यावी. सरावाचे यंत्र आणि लोकांसाठी खुले यंत्र यांतला फरक मांडणीतच असा कोरला गेला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सगळे खरोखर अटळ असते तर इतरांना त्याशिवाय कसे जमले? पीएचपीच्या जमान्यात एक फाइल सर्व्हरवर टाकली की पान दिसे. २०१०मध्ये आर्मिन रोनाखर यांनी काढलेल्या फ्लास्कमध्ये अवघ्या काही ओळींत वेबपान उभे राहते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पीएचपीची ती फाइल चाले, कारण वेब सर्व्हर, भाषा आणि डेटाबेस यांची मांडणी होस्टिंग कंपनीने आधीच करून ठेवलेली असे. काम टळलेले नसे, ते दुसऱ्याने केलेले असे. फ्लास्कचे म्हणाल तर त्यालाही स्वतंत्र वातावरण लागतेच, आणि खातेदार, लॉगिन, साठवण अशा गरजा आल्या की सेटिंग, गुप्त किल्ली, मायग्रेशन ही सारी मंडळी एकेक करून हजर होतात. फ्लास्क ती उशिरा बोलावते, जँगो आधीच ओळख करून देते, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. नवखे बहुतेक वेळा इथेच गळतात. जुना लॅपटॉप, अडखळणारे इंटरनेट, इंग्रजीतले लांबलचक एरर, विंडोजवर न सापडणारा पायथनचा मार्ग, यांत उमेद संपते. मग ब्राउझरमध्येच तयार मिळणारी सज्ज जागा का देऊ नये, किंवा एआयकडून सगळे का करून घेऊ नये? कार्यशाळेचा पहिला तास सोपा करण्यासाठी जरूर द्यावी. मात्र नवख्यांचा सर्वाधिक विचार ज्यांनी केला, त्यांनी काय केले तेही पाहावे. जुलै २०१४मध्ये बर्लिनच्या युरोपायथन परिषदेच्या वेळी ओला सितार्स्का आणि ओला सेंडेत्स्का यांनी ‘जँगो गर्ल्स’ची पहिली कार्यशाळा भरवली. कधी एक ओळही न लिहिलेल्या स्त्रियांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पाठात कमांड लाइनची ओळख आहे, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आहे, मायग्रेशन आहे, आणि आपले काम खऱ्या सर्व्हरवर चढवणेही आहे. त्यांनी पायऱ्या गाळल्या नाहीत. प्रत्येक पायरीपाशी थांबून ती कशासाठी, ते सोप्या शब्दांत सांगितले आणि शेजारी मदतीला माणूस बसवला. गळती थांबवण्याचा हा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो. दुसऱ्याने मांडून दिलेल्या जागेत शिकलेला विद्यार्थी ती जागा मोडली की हतबल होतो, आणि नोकरीतल्या पहिल्या दिवशी त्याच्यापुढे येते ती बहुधा दुसऱ्याची मोडलेली जागाच.

म्हणून मराठीत वेब विकास शिकवणाऱ्यांनी, मग ते महाविद्यालयात असोत, खासगी वर्गात असोत किंवा चित्रफितींतून शिकवत असोत, मांडणीचा तास उरकण्याऐवजी त्याला धड्याचा मान द्यावा. आज्ञांची यादी फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडून ती टंकून घेणे पुरेसे नाही. प्रत्येक आज्ञेआधी ती नसताना काय बिघडत होते, हे दोन वाक्यांत सांगता येते. दोन प्रकल्प एकमेकांना कसे मोडतात, हे मुद्दाम मोडून दाखवता येते. मॉडेलमध्ये रकाना वाढवून, मायग्रेट न करता सर्व्हर चालवला की येणारा एरर वर्गात एकत्र वाचता येतो. असे शिकलेल्याला उद्या जँगो सोडून लाराव्हेल, रेल्स किंवा आणखी कशाकडे वळावे लागले, तरी त्याचे फारसे अडणार नाही. आज्ञांची नावे बदलतील, पण आवृत्त्यांचा हिशेब, माहितीच्या रचनेची नोंद, गुपितांची राखण आणि सरावाच्या व खऱ्या यंत्रांतला भेद हे प्रश्न तिथेही तेच असतील, आणि त्यांची उत्तरे शोधायची कुठे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल.