सस्पेन्स खात्यातला पाय

बँकेत सस्पेन्स नावाचं एक खातं असतं. नावावरून वाटतं तसं त्यात खून, दरोडे किंवा रात्री बाराला वाजणारा टेलिफोन यातलं काही नसतं. कुणीतरी पैसे भरलेले असतात, पण ते कुणाच्या नावावर टाकायचे हे कळत नाही. अशा बेवारशी रकमेची तात्पुरती सोय म्हणून हे खातं. रक्कम खरी, तारीख खरी, फक्त नाव सापडत नाही. ऑडिटर आला की आधी हेच खातं उघडतो आणि चष्म्यावरून आपल्याकडे असा बघतो, की जणू ते पैसे आपणच तिथे दडवलेत.

गेल्या वर्षी माझा डावा पाय या खात्यात जमा झाला.

सुरुवात चपलेपासून झाली. बसस्टॉपकडे निघालो होतो. मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो साहेब, चप्पल राहिली!" खाली पाहतो तर डावा पाय अनवाणी. दहा पावलं तसाच चाललो होतो आणि मला पत्ता नव्हता! पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग पायाला मुंग्या यायला लागल्या. घरातल्या मुंग्यांचं एक बरं असतं, माग काढत गेलं की साखरेचा डबा सापडतो. या मुंग्यांचा डबा काही सापडेना.

पहिल्या डॉक्टरांनी वय विचारलं. "पंचेचाळीस," म्हणालो. "मग बरोबर आहे," म्हणाले. जसं काही पंचेचाळिसाव्या वर्षी चप्पल सोडायचा सरकारी नियमच आहे! दुसऱ्यांना मणक्याचा संशय आला, त्यांनी फोटो काढवला. मणका सरळ निघाला, तेव्हा ते थोडे नाराज झाले. तिसऱ्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. सांगलीच्या आत्याने फोनवरूनच निकाल दिला, "पित्त आहे रे बाळू, दुसरं काही नाही." आणि आमचे हेडकॅशियर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका हो." हे शेवटचं मात्र लागलं. याचा मराठीत अर्थ असा, की पायाला काही झालेलं नाही, झालंय ते डोक्याला.

दिवसा मीही हसून घेत असे. रात्री मात्र पांघरुणात डाव्या पायाची बोटं हलवून बघायचो आणि ती आपलीच आहेत ना, याची खात्री करून घ्यायचो. सौ.ला यातलं काही सांगितलं नव्हतं. उगाच काळजी कशाला, हे वर दाखवायचं कारण. खरं कारण हे, की सांगायला नावच नव्हतं. नाव असतं तर सांगितलं असतं.

अशा वेळी माणूस देवाकडे वळतो. मी वाचनालयाकडे वळलो, कारण तिथली वर्गणी आधीच भरलेली होती. तिथे वैद्यकाच्या इतिहासाच्या पुस्तकात मला एक सोबती भेटला. ऑगस्टस देस्ते हे त्याचं नाव. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा सख्खा नातू. जन्म १७९४ चा.

आता राजाचा नातू म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, याला काय कमी? याला नावच कमी होतं. बापाने राजाच्या परवानगीवाचून लग्न केलेलं. १७७२ च्या राजघराण्याच्या विवाह कायद्याने ते लग्न रद्द ठरलं आणि पोरगं जन्मताच कायद्याच्या नजरेतून उतरलं. म्हणजे बेवारशी नोंद इथपासूनच.

१८२२ च्या डिसेंबरात, आपल्याकडे पेशवाई बुडून चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. २८ वर्षांचा देस्ते वडिलांसारख्या वाटणाऱ्या एका नातेवाइकाला भेटायला स्कॉटलंडला गेला. पोचला तर नातेवाईक वारलेले. चारचौघांत रडायचं नाही म्हणून त्याने फार आवरलं, पण रडू फुटलंच. अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत त्याला पत्रं वाचता येईनात. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, उत्तरंही दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. काही काळाने, कसलंही औषध न करता, नजर जशी गेली तशी परत आली. तुम्हीआम्ही हेच म्हटलं असतं, "रडून रडून डोळे गेले हो." म्हणजे टेन्शन!

पण १८२७ साली फ्लॉरेन्समध्ये त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. तिथल्या डॉक्टरने निदान केलं: पित्त! मी पुस्तक मिटून क्षणभर गप्प बसलो. कुठे फ्लॉरेन्स, कुठे सांगली! दोनशे वर्षांचं अंतर, पण निदानात काडीचा फरक नाही. फरक इतकाच, की आत्याने मला आवळ्याचं सरबत दिलं आणि त्या डॉक्टरने देस्तेच्या कानशिलांना जळवा लावल्या. डोळे सुधारले, जळवांना श्रेय मिळालं. मग पायातलं बळ जाऊ लागलं आणि गडी चालता चालता पडू लागला. दुसऱ्या डॉक्टरने रक्त काढण्याऐवजी रक्त वाढवायचं ठरवलं: दिवसातून दोनदा गोमांस, वर बिअर आणि वाइन, शिवाय पाठीला मालिश. याही उपायाने बरं वाटलं! आजाराचा स्वभावच असा होता, की तो आपणहून ओसरायचा आणि जो वैद्य त्या वेळी दारात उभा असेल त्याचा सत्कार व्हायचा. नंतर गावोगावचे औषधी झरेही झाले.

या सगळ्याची त्याने रोजनिशी ठेवली. १८२२ पासून १८४६ पर्यंत, २४ वर्षं. आज किती चाललो, कुठे पडलो, कोणत्या डॉक्टरने काय दिलं, सगळं तारीखवार. कारकून म्हणून सांगतो, हिशेब असा ठेवावा. शेवटी चाकाची खुर्ची आली, पण नोंदी थांबल्या नाहीत आणि बरं होण्याची आशाही सुटली नाही. मधल्या काळात वडील वारले, तेव्हा त्याने सरदारकीवर हक्क सांगितला. १८४४ साली उमराव सभेने तो फेटाळला. एकाच वेळी हा माणूस दोन दारांत उभा होता. एका दारात स्वतःला नाव मागत होता, दुसऱ्या दारात आजाराला. दोन्ही दारं उघडली नाहीत. १८४८ च्या डिसेंबरात तो गेला. खातं सस्पेन्समध्येच.

गंमत पुढेच आहे. देस्ते डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवत होता त्याच काळात, १८३८ साली, लंडनच्या रॉबर्ट कार्सवेल या प्राध्यापकाने शवविच्छेदनातली चित्रं छापली होती. त्यात पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर काही विचित्र चट्टे दाखवले होते. म्हणजे व्हाउचर एका फायलीत आणि नोंद दुसऱ्या वहीत. दोन्ही एकमेकांना लावायचं कुणाला सुचलं नाही.

ते काम पॅरिसच्या शार्कोने केलं. याने तरुणपणी घरकामाला एक बाई ठेवली होती. तिचे हात विचित्र थरथरायचे, म्हणून तिला कुठेच काम मिळत नव्हतं. सिग्मंड फ्रॉइड हा शार्कोचा शिष्य. त्याने १८९३ साली लिहिलेल्या मृत्युलेखात म्हटलंय, की या बाईने फोडलेल्या बशांपायी शार्कोला बरीच मोठी रक्कम मोजावी लागली, पण त्याने तिला काढलं नाही. आमच्याकडे एक कप फुटला तर संध्याकाळपर्यंत चौकशी आयोग बसतो! ती वारल्यावर शार्कोने तपासलं, तर मेंदूत आणि मज्जारज्जूत तेच चट्टे. १८६८ साली त्याने लक्षणं आणि चट्टे यांची जोडी जुळवून या आजाराला वेगळं नाव दिलं. आज आपण त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतो. शरीराची संरक्षण यंत्रणा मज्जातंतूंवरचं आवरण खाते, विजेच्या वायरीवरचं रबर उंदराने खावं तसं. कधी डोळ्याची वायर, कधी पायाची. सूज ओसरली की दिवा पुन्हा लागतो. देस्तेची नजर का आली आणि का गेली, याचा हिशेब इथे लागला. ती ना पित्ताची करणी होती, ना रडण्याची. १९४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, डग्लस फर्थ यांनी त्या रोजनिशीवर पुस्तक लिहिलं आणि रक्कम एकदाची योग्य नावावर जमा झाली.

तेव्हा आजाराचं नाव कळायला रोगी मरावा लागे. जिवंत माणसाच्या मेंदूतले चट्टे एम.आर.आय.वर दिसायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

एवढं वाचून मी शहाण्यासारखा मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली. ही परीक्षा १८७५ ची, एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मनांची. मग तळव्यावरून किल्ली ओढली. ही १८९६ ची, शार्कोच्याच शिष्याची, बाबिन्स्कीची. अंगठा वर उचलला गेला तर मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत कुठेतरी बिघाड असतो. माझा अंगठा मुकाट खाली वळला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शरीराचा एखादा भाग तोंडी परीक्षेत पास झाला. एम.आर.आय.मध्येही चट्टे नव्हते. आनंदाने विचारलं, "मग मला झालंय काय?"

डॉक्टरांनी कागदावर एक प्रश्नचिन्ह काढलं आणि त्यापुढे काहीच लिहिलं नाही. "आज सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण पाय बधिर होतो हे खरं आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत. तारखा लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

सांगतो, त्या प्रश्नचिन्हाने मला जितकं बरं वाटलं, तितकं तीन डॉक्टरांच्या उत्तरांनी वाटलं नव्हतं. कुणीतरी रक्कम खरी धरली होती.

घरी आलो, सौ.ला सगळं सांगितलं आणि कोरी डायरी काढली. पहिली नोंद केली: '१२ जून. बसस्टॉपजवळ चप्पल निसटली.' सौ.ने डायरी ओढून घेतली, माझ्या नोंदीच्या वर उरलेल्या जागेत काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तिने लिहिलं होतं: 'दिवाळीचा पाडवा. देवळातून येताना चप्पल निसटली. ह्यांना कळलं नाही. मी उचलून आणली.'

पाडवा म्हणजे माझ्या नोंदीच्या सात महिने आधी! मागच्या तारखेची नोंद आमच्या बँकेत चालत नाही. मी खाली सही करून ती पास केली.