कॅमेऱ्याच्या पोटातलं घड्याळ

सिनेमाच्या तंत्राचा इतिहास सांगताना आपण भिंगांवर बोलतो, फिल्मवर बोलतो, फार तर सेन्सरवर. आज मी बोलणार आहे एका नाण्याएवढ्या सेलबद्दल. डिजिटल सिनेकॅमेऱ्याच्या आत, सर्किट बोर्डावर तो बसलेला असतो. मोठी बॅटरी काढली तरी कॅमेऱ्याला तारीख आणि वेळ आठवते ती याच्या जिवावर. काही वर्षांनी हा सेल संपतो. मग कॅमेरा चालू होतो, चित्रही उत्तम येतं, पण प्रत्येक वेळी तारीख विचारतो, नाहीतर कुठल्या तरी जुन्या वर्षातली १ जानेवारी दाखवतो. जुना कॅमेरा असा वागायला लागला की लोक म्हणतात, आता हा गेला. खरं तर गेलेलं असतं फक्त त्याचं घड्याळ.

पण कॅमेऱ्याला घड्याळ हवं कशाला? फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तो हाताने फिरवायचा होता. त्यात बॅटरीच नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’ मूकपट, त्यामुळे चित्राला कशाशी जुळवायचाही प्रश्न नव्हता. बोलपट आला आणि कॅमेरा व ध्वनी, अशी दोन यंत्रं एका चालीने चालवायची वेळ आली. क्लॅप दिला की सुरुवात जुळते. पण पुढे एक यंत्र जरा जरी मागे पडलं, तर ओठ आणि शब्द यांची ताटातूट होते. स्टुडिओत दोन्ही मोटरी एकाच विजेवर चालवता येत. बाहेर मात्र कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्यात केबल लागायची. कॅमेरामन आणि साउंड रेकॉर्डिस्ट जणू एका दाव्याला बांधलेले!

ही केबल तोडण्याची धडपड म्हणजे आपल्या सेलचा इतिहास. १९६० साली बुलोवा कंपनीने ॲक्युट्रॉन नावाचं मनगटी घड्याळ आणलं. त्यात सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा नादकाटा होता, आणि त्याला चालवणारा एक छोटा मर्क्युरी सेल. अमेरिकेत रॉबर्ट ड्रू आणि रिचर्ड लीकॉक यांच्या माहितीपट बनवणाऱ्या गटाने हे घड्याळ कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची चाल जुळवायला वापरलं. म्हणजे पहा, केबलपासून सुटका झाली ती बटणाएवढ्या सेलच्या आधाराने. पुढे पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते सेल बाजारातून गेले आणि जुनी ॲक्युट्रॉन घड्याळं चालवणाऱ्यांची पंचाईत झाली. आजचं आपलं दुखणं तेव्हापासूनचं आहे.

मग आला क्वार्ट्झ. फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे ज्याँ-पिएर बोव्हियाला या अभियंत्याने क्वार्ट्झने नियंत्रित केलेली कॅमेऱ्याची मोटर तयार केली. त्याच्या आतों कंपनीने पुढे फिल्मच्या कडेवर प्रकाशाने वेळच छापायला सुरुवात केली. तिकडे व्हिडिओमध्ये १९६७ पासून टाइमकोड रुजत होता: प्रत्येक फ्रेमला ८० बिट्स, आणि त्यात तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. डिजिटल सिनेकॅमेऱ्याने हा वारसा आयता घेतला.

आता थोडा हिशोब. साध्या घड्याळाचा क्वार्ट्झ दहा लाखांत २० भागांनी चुकू शकतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. मनगटावर ते खपून जातं. पण २४ फ्रेमच्या सिनेमात एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची, म्हणजे ३५ मिनिटांत एका फ्रेमची चूक. म्हणून नेमक्या टाइमकोडसाठी तापमानाचा फरक सावरणारा, जास्त काटेकोर क्वार्ट्झ लागतो. आतल्या सेलवर चालतं ते बहुधा साधं तारीखवेळेचं घड्याळ.

ते तरी किती टिकावं? सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. घड्याळ २ मायक्रोअँपिअर घेत असेल, तर कागदावर साडेबारा वर्षं. उष्णतेत त्याहून कमी. रेड वन आला २००७ साली, आरीचा अलेक्सा २०१० साली. हे वय त्या पिढीने ओलांडलं आहे. आणि हेच कॅमेरे आज स्वस्तात मिळतात, नव्या, कमी पैशाच्या मंडळींच्या हाती येतात.

तारीख चुकली तर बिघडतं काय? रेडच्या क्लिपच्या नावात रीलचा आकडा, क्लिपचा आकडा, महिना-दिवस आणि शेवटी दोन यादृच्छिक चिन्हं असतात. घड्याळ रोज १ जानेवारीला परतलं, तर दोन वेगळ्या दिवसांच्या पहिल्या क्लिपची नावं ‘ए००१_सी००१_०१०१’ अशीच सुरू होतील. फरक उरला तो त्या दोन चिन्हांचा. एडिटिंगच्या टेबलावर हा गोंधळ निस्तरता येईल. पण माहितीपटात, मोर्चाच्या किंवा पुराच्या चित्रणात, ‘हे कधी घडलं’ याचा पुरावा त्या तारखेतच असतो. वीस वर्षांनी संग्रहात बसलेला अभ्यासक कुणाला विचारणार?

उपाय अवघड नाही, पण घाई नको. सेल दोन जातींचे असतात. सीआर जातीचा सेल एकदाच वापरायचा, एमएल किंवा व्हीएल जातीचा परत चार्ज होतो. चार्ज होणाऱ्याच्या जागी सीआर बसवलात तर सर्किट त्याला चार्ज करत राहील, आणि तो गळेल किंवा फुटेल. म्हणून आधी सर्व्हिस मॅन्युअल पाहा. चार्ज होणारा सेल कधी कधी कॅमेरा महिनोन्महिने कपाटात पडल्यानेच उतरतो. अशा वेळी कॅमेऱ्याला दिवसभर वीज देऊन बघा. बदलायचाच असेल तर आधी सगळ्या सेटिंग्ज लिहून घ्या किंवा कार्डावर साठवा. सेल बोर्डाला जोडलेला असेल तर पत्रे लावलेलाच नवा सेल घ्या, थेट सेलवर डाग देऊ नका. जमत नसेल तर जाणकाराकडे द्या.

तोवर शूटिंग थांबवायची गरज नाही. सकाळी आणि प्रत्येक बॅटरी बदलल्यावर तारीख तपासा, बाहेरच्या टाइमकोड पेटीवरून वेळ भरा, आणि क्लॅपवर तारीख ठळक लिहा.

साठ वर्षांपूर्वी केबल तोडून जे स्वातंत्र्य मिळालं, त्याचा हप्ता हा सेल आहे, दर दहाएक वर्षांनी भरायचा. नवा सेल घातलात की कॅमेऱ्यावर आत एक चिठ्ठी चिकटवा, बदलल्याच्या तारखेची. पुढच्या माणसाला ती उपयोगी पडेल.