आन्सीचा निनावी किल्लेदार

इ. स. ६४५च्या आरंभी ह्युएन त्सांग भारतातून चीनला परतला आणि लोयांग येथे तांग सम्राट ताइझोंगला भेटला. सम्राट तेव्हा पूर्वेकडील गोगुर्यो राज्यावर निघण्याच्या तयारीत होता. त्याने या भिक्षूलाही बरोबर येण्याचा आग्रह केला. भिक्षूला युद्ध पाहणे वर्ज्य आहे, असे सांगून ह्युएन त्सांगने तो टाळला. प्रवासाचा वृत्तान्त लिहिण्याची आज्ञा मात्र त्याने मानली. हर्ष स्वतः सैन्य घेऊन आला तरी महाराष्ट्र त्याला नमला नाही, ही आपल्याला मोलाची वाटणारी नोंद त्याच ग्रंथातली. ग्रंथाचे काम सुरू असताना खुद्द ताइझोंगला ल्याओदोंग प्रांतातील एका किल्ल्यापुढे तोच अनुभव येत होता.

स्वारीचे कारण न्यायाचे दाखवले गेले. ६४२ मध्ये यॉन गेसोमुन या सरदाराने गोगुर्योच्या राजाचा खून करून सत्ता बळकावली होती. त्याला शासन करायचे होते. आन्सीच्या किल्लेदाराने याच यॉनला पूर्वी जुमानले नव्हते. यॉनने त्याच्यावर चाल केली, किल्ला घेता आला नाही, म्हणून तो त्याच्याकडेच राहू दिला. म्हणजे बंडखोराला शिक्षा करायला निघालेल्या सम्राटाला अडवले ते बंडखोरापुढे न वाकलेल्या माणसाने.

सुरुवातीला तांग फौजेला यश येत गेले. ल्याओदोंगचा किल्ला पडला. आन्सीच्या कुमकेला आलेली फौज, चिनी आकड्यानुसार दीड लाखाची, उघड्या मैदानात मोडली आणि तिचे सेनापती ३६,८०० माणसांनिशी शरण आले. आता आन्सी टिकेल असे कोणाला वाटले असते?

या टप्प्यावर दोन सल्ले पुढे आले. आन्सी सोडून दक्षिणेचा गनआन किल्ला आधी घ्यावा, असे सम्राटाच्या मनात होते. सेनापती ली शिजीने रसदेचा प्रश्न काढला: धान्य ल्याओदोंगला आहे, आन्सीकरांनी वाट तोडली तर काय? शरण आलेल्या सेनापतींनी पुढे सरळ प्योंगयांग गाठण्याची वाट सुचवली. त्यावर दरबारी म्हणाले, सम्राट जातीने स्वारीवर असताना असा धोका पत्करता येत नाही. दुसरा एखादा सेनापती असता तर त्याने जुगार खेळला असता. सम्राट हजर असणे हीच फौजेची अडचण झाली.

दुसरी चूक तोंडाची होती. तटावरचे लोक शाही निशाण दिसताच हुर्यो करीत. चिडलेल्या ली शिजीने किल्ला पडल्यावर सर्व पुरुषांची कत्तल करण्याची परवानगी मागितली. ही बातमी आत पोचली. शरण जाऊनही मरणच असेल, तर शरण का जावे?

मग आग्नेय कोपऱ्यावर दमदमा उभा राहू लागला. बाहेर माती चढे तसा आत तट चढे. दगडफेकी यंत्रांनी कठडे फोडले की किल्लेकरी तिथे लाकडी कूड उभारीत. दिवसाला सहा-सात चकमकी होत. ६० दिवस आणि ५ लाख रोजांचे श्रम खर्चून दमदमा तटाहून उंच झाला, आणि अचानक ढासळून तटावरच पडला. तटाला खिंडार पडले! पण माथ्यावरच्या पहाऱ्याचा अधिकारी फू फुआय परवानगीशिवाय जागा सोडून गेला होता. काहीशे किल्लेकरी त्याच खिंडारातून बाहेर आले, त्यांनी दमदमा ताब्यात घेतला आणि खंदक खणून तिथे पाय रोवले. फू फुआयचे डोके उडवले गेले. तीन दिवस हल्ले झाले. दमदमा परत मिळाला नाही.

गवत सुकले, पाणी गोठू लागले, धान्य सरत आले. नवव्या चांद्रमासात माघारीचा हुकूम सुटला. किल्लेदाराने तटावर येऊन सम्राटाला नमस्कार केला. सम्राटाने त्याला रेशमी कापडाचे १०० तागे पाठवले, धन्याशी इमान राखल्याबद्दल. परतीच्या वाटेवर दलदल आणि हिमवादळ लागले. तांगांच्या हिशेबात मेलेले सैनिक जेमतेम २,०००, घोडे मात्र दहातले सात-आठ. दिवंगत मंत्री वेई झेंग असता तर त्याने ही स्वारी होऊ दिली नसती, अशी खंत सम्राटाने बोलून दाखवली.

हा सगळा तपशील आपल्याला मिळतो तो चिनी इतिहासातून. गोगुर्योचे स्वतःचे इतिहासग्रंथ उरले नाहीत. पळालेल्या पहारेकऱ्याचे नाव त्यात आहे, जिंकलेल्या किल्लेदाराचे नाही. ११४५ मध्ये कोरियाचा इतिहास लिहिताना किम बुसिकने हा पुरुष असामान्य होता असे म्हटले आणि त्याचे नाव हरवल्याची हळहळ नोंदवली. आज कोरियात सर्वतोमुखी असलेले 'यांग मानचुन' हे नाव कित्येक शतकांनंतरचे. सम्राटाचा डोळा बाणाने फुटल्याची कथाही तशीच मागाहूनची.

२३ वर्षांनी, ६६८ मध्ये, गोगुर्यो अखेर बुडाले. त्यामुळे आन्सीने राज्य वाचवले असे म्हणता येणार नाही. पण कत्तलीच्या धमकीखाली असलेली एका किल्ल्यातली माणसे त्या हिवाळ्यात जिवंत राहिली. त्यांच्या धन्याला नाव चिकटवण्यापेक्षा, शत्रूच्या कागदांत त्याच्यासाठी राहिलेली कोरी जागा तशीच वाचणे मला अधिक प्रामाणिक वाटते.