अस्सल आणि नक्कल : एमपी-थ्रीची कुळकथा

सांचीच्या स्तूपावर ज्या दात्यांनी आपली नावे कोरवून ठेवली, त्यांत भोगवर्धनचे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदनचे, रहिवासीही होते. परंतु दगड शाबूत असूनही लिपीची किल्ली हरवल्यामुळे ते लेख कित्येक शतके मुके राहिले, आणि १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने सांचीच्याच दानलेखांच्या आधारे ब्राह्मीचा उलगडा केला तेव्हा कोठे ते बोलू लागले. संगणकात साठविलेल्या ध्वनीलाही हाच न्याय लागू आहे.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीची मापे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली असत. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी ठरविलेल्या वेव्ह फाइलीत ती बहुधा जशीच्या तशी उतरत, आणि मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा व्यापत. हा पसारा आवरताना जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी यांनी मानवी कानाच्या मर्यादेचाच आधार घेतला : मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा क्षीण आवाज ऐकूच येत नसेल, तर तो नोंदवावा कशासाठी? या तत्त्वावरील मानक १९९३ साली प्रसिद्ध झाले, १४ जुलै १९९५ रोजी त्याच्या फाइलींना ‘एमपी-थ्री’ हे नाव मुक्रर झाले, आणि मूळच्या अकराव्या हिश्शात गाणे मावू लागले. पेटंटाचा परवाना २०१७ पर्यंत लागत असला, तरी किल्ली प्रसिद्ध होती. म्हणूनच तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेणाऱ्यास ती आपल्या यंत्रावर वाजतील की नाही, याची चिंता सहसा नसे.

जुन्या मोबाइलांवरील ध्वनिमुद्रणाची गोष्ट मात्र मला खरोखर चिंताजनक वाटते. त्यांतले कित्येक ‘एएमआर’ प्रकारात नोंद करीत, आणि तो प्रकार केवळ दूरध्वनीवरील संभाषणासाठी योजलेला : सेकंदाला ८,००० मापे, त्यामुळे चार हजार कंपनांहून उंच नाद मुळातच गळतो, आणि भजनातल्या टाळांचा झणत्कार बहुतांशी त्या उंचीवरच असतो. अनेक संगणकांवर ही फाइल उघडत नाही. एमपी-थ्रीत रूपांतर केल्यास उघडते, पण गळालेला नाद परत येत नाही. उलटपक्षी २००१ साली सिद्ध झालेला ‘फ्लॅक’ हा प्रकार काहीही न गाळता बरीच जागा वाचवितो, आणि त्याची रचना सर्वांस खुली आहे.

भोकरदन परिसरातील भजनी मंडळांना आणि घरच्या वृद्धांच्या ओव्या जपू पाहणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की अस्सल नोंद वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये दप्तरी ठेवावी, वाटण्यासाठी एमपी-थ्रीची नक्कल काढावी, आणि जुन्या एएमआर फाइली रूपांतरानंतरही पुसू नयेत.