न्यूयॉर्कमधील गायतोंडे : परदेशी निवासवृत्तीचा एक अध्याय

चित्रकार, शिल्पकार वा लेखक यांनी आपले गाव सोडून काही महिने अन्य देशात राहावे, तेथे काम करावे, तेथील कला पाहावी आणि या काळातील निर्वाहाचा भार एखाद्या संस्थेने उचलावा, या व्यवस्थेला कलावंत-निवास किंवा निवासवृत्ती असे म्हणतात. विशिष्ट काम पूर्ण करून देण्याची अट बहुधा नसते. संस्था देते तो मुख्यतः वेळ. गोमंतकीय कुळातील थोर चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे यांच्या वाट्याला असा काळ १९६४ मध्ये आला. त्या काळाचे त्यांच्या कलेतील स्थान कोणते, हा प्रश्न आजही चर्चिला जातो.

पूर्वपीठिका

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. आईवडील गोव्याचे. मुंबईत गिरगावच्या चाळीत ते वाढले आणि १९४८ मध्ये त्यांनी सर जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका मिळवली. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपशी त्यांचा संबंध आला. मुंबईतील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार, नाट्यकर्मी आणि संगीतकार यांना नाममात्र भाड्यात काम करण्यास जागा मिळे. गायतोंडे यांचा स्टुडिओही तेथेच होता. पॉल क्ले यांच्या चित्रांचा प्रभाव पचवून पन्नाशीच्या दशकाअखेर ते आकृतीपासून दूर गेले. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पुरस्कार मिळाला.

निमित्त आणि निवास

१९६३ मध्ये अमेरिकी चित्रकार मॉरिस ग्रेव्हज मुंबईत आले असता त्यांनी गायतोंडे यांची चित्रे पाहिली आणि न्यूयॉर्कमधील आपल्या कलादालनाच्या चालकांना पत्र लिहून या चित्रकाराची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गायतोंडे यांचे १९६२ सालचे एक चित्र दाखल झाले.

जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी स्थापन केलेल्या निधीची शिष्यवृत्ती मिळून १९६४ मध्ये गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. लेखक-कलावंतांच्या वास्तव्यामुळे ख्यात असलेल्या चेल्सी हॉटेलात त्यांचा मुक्काम होता. अमेरिकी अमूर्त चित्रकला तेव्हा भरात होती. मार्क रॉथको यांच्यासारख्यांची भव्य चित्रे त्यांना छापील पानाऐवजी प्रत्यक्ष पाहता आली. अशा वास्तव्याचा हा फार मोठा लाभ होय. छापील पुस्तकात चित्राचा आकार हरवतो, रंगाचे थर सपाट होतात आणि पृष्ठभागाचा पोत तर कळतच नाही.

वाद आणि वस्तुस्थिती

गायतोंडे यांना ‘भारताचे रॉथको’ ठरवण्याची प्रथा याच प्रवासावरून पडली. कालक्रम मात्र तिला अनुकूल नाही. अमूर्ताकडील त्यांचे वळण न्यूयॉर्कच्या आधीचे आहे. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने स्वीकारलेले चित्र प्रवासापूर्वीचे होते. २०२१ मध्ये सुमारे ४० कोटी रुपयांना विकले गेलेले चित्रही १९६१ सालचे, म्हणजे अमेरिका पाहण्यापूर्वीचे होते. शिवाय रॉथको यांच्या रंगपट्ट्या आणि गायतोंडे यांची कार्यपद्धती यांत मूलतः अंतर आहे. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगाचे थर चढवत, खरवडत आणि कागदाच्या साहाय्याने उचलून घेत. झेन विचार, रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती यांच्या चिंतनाशीही त्यांचे नाते होते. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. ते आपल्या चित्रांना ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणत.

तथापि वास्तव्य निष्फळ होते, असेही म्हणता येत नाही. परतल्यानंतर साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची आडवी चित्रचौकट उभी झाली आणि पुढे हाच आकार त्यांची ओळख बनला. आपण निवडलेली वाट एकट्याची नाही, याची प्रचीती त्यांना तेथे आली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

समकालीन आणि उत्तरकाळ

याच निधीच्या साहाय्याने १९६५ मध्ये अकबर पदमसी आणि १९६८ मध्ये तैयब मेहता अमेरिकेस गेले. मेहता यांच्या चित्रांतील प्रसिद्ध तिरपी विभाजक रेषा त्या वास्तव्यानंतरच अवतरली. हेच काम १९८० पासून एशियन कल्चरल कौन्सिल या नावाने पुढे चालू राहिले.

गायतोंडे यांना १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये ते दिल्लीस स्थायिक झाले. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे, असा त्यांचा संथ क्रम होता. १९८४ च्या अपघातानंतर तो दीर्घकाळ खंडित झाला. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर १३ वर्षांनी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले. ज्या शहरात ते शिष्यवृत्तीधारक म्हणून राहिले होते, तेथील प्रेक्षकांनी त्यांची आरंभापासूनची चित्रे त्या निमित्ताने एकत्र पाहिली.