खळं गेलं, परळ आली

पक्षिशास्त्राच्या हिशेबात कावळा हा गाणारा पक्षी आहे. हसू नका. चिमणी, बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंजीर हे ज्या मोठ्या गोतावळ्यात मोडतात त्याच गोतावळ्यात कावळाही आहे. पोपट आणि कबूतर मात्र त्यात नाहीत. म्हणजे पितृपंधरवड्यात पत्र्यावर पान ठेवून 'काव काव' अशी हाक मारणारी आमच्या बिद्रीतली प्रत्येक आजी शास्त्राप्रमाणे 'साँगबर्ड फीडिंग' करत होती. आणि ही गोष्ट जुनी आहे. गृहस्थाने रोज करायच्या पंचमहायज्ञांमध्ये भूतयज्ञ आहे. आपण जेवायच्या आधी आसपासच्या जिवांसाठी घास काढून ठेवायचा. काकबळी त्यातलाच.

हे सांगायचं कारण असं, की पाखरांना दाणे घालण्याचा 'इतिहास' इंटरनेटवर शोधला की तो इंग्लंडात सुरू होतो. तिथला इतिहासही रंजक आहे. १८२०च्या दशकात डोव्हस्टन नावाच्या गृहस्थाने खिडकीबाहेर पाखरांसाठी खास टेबल लावलं आणि त्याला एक भलंमोठं ग्रीक वळणाचं नावही दिलं. १८९०-९१च्या हिवाळ्यात बर्फाने कहर केला, तेव्हा पाखरांसाठी अन्न बाहेर ठेवा असं आवाहन वर्तमानपत्रांनी केलं. १९१०पर्यंत 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने हा राष्ट्रीय छंद असल्याचं जाहीरही करून टाकलं. त्यांच्याकडे या सगळ्याच्या मागे बर्फ होता. आपल्याकडे काय होतं?

आमच्याकडे खळं होतं.

बिद्री हे कागल तालुक्यातलं, कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचं गाव. आज बाहेरच्या माणसाला ते माहीत असतं ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. पण आजीच्या बोलण्यात कारखान्याआधीचं गाव येतं, आणि त्यात ऊस नाही, शाळू, भात आणि नाचणा आहे. शेणाने सारवलेलं गोल खळं, मधोमध तिवडा, त्याला बांधलेले आणि कणसांवरून फिरणारे बैल, मग वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून उपणणं. धान्याची रास घरी गेली की खाली उरायचं ते मातेरं, म्हणजे माती, कोंडा आणि त्यात अडकलेले दाणे. बायका त्यातलंही निवडून घ्यायच्या. तरी जे सुटायचं ते चिमण्यांचं. कुणी ठरवून घातलेलं नव्हतं, सांडलेलं होतं. पण गावभर, दरवर्षी, आठवडेच्या आठवडे.

गंमत म्हणजे हीच माणसं दोन महिने आधी माळ्यावर उभी राहून त्याच चिमण्यांवर गोफण फिरवत होती. मी आजीला विचारलं, हे कसं जमायचं? ती म्हणाली, "आरं, रानात ती चोर असत्यात. दारात आली की पावणी." मला हे कुठल्याही निसर्गप्रेमी भाषणापेक्षा प्रामाणिक वाटतं. रानातलं चिमण्यांचं नुकसान खरं होतं. पण चोराचा नायनाट करावा असं कुणाच्या मनात आलं नाही. चीनमध्ये ते आलं. १९५८मध्ये माओच्या मोहिमेत चिमण्या मारल्या गेल्या, किडी-टोळांचं फावलं, आणि १९६०मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणी काढून तिथे ढेकूण घालावा लागला.

आमच्याकडे चिमणीला कुणी मारलं नाही. पीक बदललं. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि ते वारं पुढे आमच्याकडेही आलं. धरणाचं पाणी आलं, ऊस आला. उसाने आमची घरं बांधली, माझी इंजिनिअरिंगची फी भरली. त्याच्याविरुद्ध बोलायचा मला अधिकार नाही. पण उसाला खळं लागत नाही. मोळी थेट ट्रॉलीत आणि ट्रॉली थेट काट्यावर. सांडलंच तर पाचट. त्यावर चिमणीचं पोट भरत नाही. सुगरणीचं थोडं साधलं, उसाच्या पानाच्या चिंध्या तिला घरटं विणायला चालतात. शिवाय उसाच्या पैशातून स्लॅबची घरं आली, आणि तुळईवरच्या खाचा, कौलाखालच्या फटी, भिंतीवर तिरक्या टांगलेल्या फोटोंच्या मागच्या जागा गेल्या. अन्न आणि घर, दोन्ही साधारण एकाच काळात.

इथे 'मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या' असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस, म्हणून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२०चा अहवाल वाचला. देशभरच्या हौशी निरीक्षकांनी ईबर्डवर टाकलेल्या नोंदींवर तो उभा आहे. त्यात ८६७ जातींचा विचार आहे, आणि चिमणी देशपातळीवर गेली पंचवीसेक वर्षं बऱ्यापैकी स्थिर असल्याचं त्यात म्हटलंय. घट ठळक दिसते ती मोठ्या महानगरांत. टॉवरचा ठोस पुरावा काही सापडत नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी २०१०पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन सुरू केला, त्याने चिमणी लोकांच्या डोळ्यांपुढे आली हे मोठं काम झालं. पण चिमणी संपली नाही. आपल्या दारातून हलली.

तिला परत बोलवायला मी सोप्यात दाणे ठेवतो. घरून काम करायला लागल्यापासून लॅपटॉपच्या मागे ती खिडकी असते. बाजरी आणि तांदळाची कणी चिमण्यांना, पिकल्या केळाची फोड बुलबुलाला. शिंजीर माझ्याकडून काही घेत नाही, त्याचा व्यवहार थेट जास्वंदीशी. दयाळ दाण्यांकडे बघतही नाही; त्याला किडे लागतात, आणि एप्रिलच्या पहाटे त्याची शीळ ऐकायची असेल तर परड्यात औषध मारायचं नाही, एवढीच त्याची अट. चिमणीचंही तेच. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना भरवते मुख्यतः किडे-अळ्या. नुसत्या बाजरीवर चिमण्यांची पुढची पिढी उभी राहत नाही.

इंग्लंडात बर्फ, तसा आपल्याकडे उन्हाळा. मार्च ते मे दाण्यांपेक्षा पाण्याची परळ जास्त चालते. ती पसरट, मातीची, उथळ हवी, आणि रोज घासायला हवी. हा शेवटचा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये २००५पासून ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग हिरव्या फिंच पक्ष्यांत पसरला, आणि फीडरवरची गर्दी हे त्याच्या फैलावाचं एक कारण मानलं जातं. आपल्याकडे २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि भांडण उच्च न्यायालयात गेलं. एका जागी पोत्याने धान्य ओतणं आणि दारात मूठभर ठेवणं यांत फरक आहे. आजीच्या घासात तो हिशेब आपोआप होता, कारण तो घास ताटातून निघत होता.

यंदा परड्यात शेवग्याखाली शाळूच्या दोन ओळी टाकल्या. कणसं दुधात आली आणि चिमण्यांचा थवा उतरला, हुरड्याला काही उरेल असं दिसेना. आजी दारातून बघत होती. म्हणाली, "गोफण हाय का रं घरात?" मग स्वतःच आत गेली आणि चहा ठेवला.